अड्याळची दंगल, ओट्यावरून आणि अंगणातून

पुण्याला परतून आठवडा झाला, तरी टेलिफोन कचेरीत रोज कोणी ना कोणी विचारतंच, "काय कुमुदताई, पाहिलीत का मग दंगल?" हो म्हणावं तर ते खरं नाही, आणि नाही म्हणावं तर ते त्याहून खोटं. एवढ्या लांबचा प्रवास करून मी भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला गेले, ती मातीतली कुस्ती समोर बसून पाहायला. आणि ज्या कुस्तीसाठी गेले, नेमक्या तिच्या वेळी मी एका अंगणात वडे तळणाऱ्या बाईशेजारी बसून होते. हे उभ्या उभ्या कसं सांगणार? म्हणून सगळं लिहूनच काढते. ज्यांना अड्याळ कुठे आहे हेही ठाऊक नाही त्यांनाही वाचता येईल.

पुणे, टीव्हीसमोर

कुस्तीचं वेड मला वडिलांनी लावलं. लहानपणी ते मला खांद्यावर बसवून आखाड्यात न्यायचे. तिथून मला पैलवानांपेक्षा फेटेच जास्त दिसायचे, पण मातीचा वास, हलगी आणि वडिलांच्या टाळ्यांनी खालून बसणारे हिसके अजून आठवतात. नऊ वर्षांची झाले आणि घरात ठरलं की आता पुरे. मुलीच्या जातीनं तिथे काय पाहायचं? वडील बिचारे एकटेच जाऊ लागले. परत आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला सगळे डाव करून दाखवायचे.

पुढे टीव्ही आला आणि माझी सोय झाली. मोठ्या स्पर्धांतल्या कुस्त्या दाखवायचे तेव्हा मी दहीभाताचं ताट घेऊन जमिनीवर फतकल मारून बसत असे. एवढ्या जवळून पैलवान वडिलांनीही कधी पाहिला नसेल. कपाळावरचा घाम दिसतो, पकड दिसते, चुकलेला पाय दिसतो. गर्दी नाही, ऊन नाही, कोणाच्या फेट्याची आडकाठी नाही. आणि कोणी जोरात आपटला की आपण दुसरा घास घेतो. या शेवटच्या गोष्टीचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी विमल आमच्या कचेरीत ऑपरेटर म्हणून बदलून आली आणि आमच्याच माडीवरच्या खोलीत राहू लागली. मुलगी अड्याळची, वय सत्तावीस, हुशार आणि कामाला वाघ. तिचा थोरला भाऊ देवा पैलवान आहे हे कळल्यावर मी तिला हक्कानं टीव्हीसमोर बसवलं. ही बाई थोडा वेळ पाही आणि मग चक्क टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडायला घेई.

"अगं, इतकी चांगली कुस्ती चालली आहे!"

"ताई, याच्यात डफडंच नाही. मले समजतच नाही काय होऊन राहिलं ते."

"डोळ्यांसमोर दिसतंय की!"

"डोळ्यानं काय समजते?" ती म्हणायची आणि मेथीची जुडी सोडायची.

मला हसू यायचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून आम्ही दोघी लोकांचं बोलणं जोडून देतो, त्यामुळे हिच्या डोळ्यांची कामंही कानाकडे गेली असावीत, असं मी तिला चिडवत असे.

यंदाच्या, म्हणजे पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी ती म्हणाली, "यंदा चलाच ताई. भाऊबीज झाली का आमच्या गावाले मंडई राह्यते, मंडईत दंगल. अना देवाभाऊची ही आखरीची कुस्ती आहे."

"आखरीची का?"

"वहिनीले दिवस गेले, माहेरी आहे ती. मायनं त्याच्याकडून वचन घेतलं. या मंडईनंतर लंगोट खुंटीले."

मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

अड्याळ, मंडईच्या आदल्या दिवशी

आगगाडीचं आणि एसटीचं सगळ्यांना माहीतच आहे, ते सोडते. भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंना धान सुरू झाला. आमच्याकडे शेत म्हटलं की एक सलग पट्टा. इथे लहान लहान बांध्या, म्हणजे मातीचे धुरे घालून केलेले चौकोन. हलका धान कापून आडवा पडलेला, भारी धान अजून उभा. मध्येच एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि त्यात शिंगाड्याच्या वेली. विमल खिडकीतून बोट दाखवून एकेका बोडीचं नाव सांगत होती. पुण्यात तीन वर्षांत तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

तिची आई सगुणाबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या आतबाहेर, काटक, पदर खोचलेला. लेकीला जवळ घ्यायच्या आधी त्यांनी माझ्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "लय दूरून आल्या बाई तुमी. काहून एवढा तरास घेतला?"

"कुस्ती पाहायला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एवढ्या लांबून कोणाचा तरी दात काढताना पाहायला आले आहे.

देवा संध्याकाळी बांधीतून आला. चौतिशीचा, रुंद, बोलायला लाजाळू गडी. कान सुपारीसारखे झालेले. माझ्यासमोर तो अंग चोरून बसला. एवढा मोठा माणूस अंग चोरतो तेव्हा फार गोड दिसतो. उद्याचा जोड कोण, असं विचारलं तर म्हणाला, "लाखांदूरचा मोतीराम. पोरगा आहे, पण चांगला आहे. माह्यापेक्षा दमदार आहे." आपल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल असं बोलणारा पैलवान टीव्हीवर मला कधी भेटला नव्हता. तिथे कोणी बोलतच नाही म्हणा.

रात्रीच्या स्वयंपाकाला मी मदतीला बसले आणि लगेच फजिती करून घेतली. सगुणाबाई म्हणाल्या, "परसातून थोडासा सांबार तोडून आणा." मी परसात उभी. सांबार तोडायचा कसा? इडलीबरोबर तो पातेल्यात पाहिलेला. शेवटी विमल हसत आली आणि कोथिंबिरीच्या चार काड्या खुडून माझ्या हातात दिल्या. त्यानंतर मी तिथे होते तोवर देवा मला पाहिलं की "ताई, सांबार?" एवढंच म्हणायचा. त्याची लाज मोडली ती त्या कोथिंबिरीनं.

चुलीमागच्या भिंतीला पितळेचे गुंड ओळीनं मांडले होते, घासून लख्ख केलेले. इथे जिंकलेल्याला पाणी भरायचा गुंड देतात. मी कौतुकानं म्हटलं, "सगळे देवानं जिंकलेले?"

"हो," सगुणाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापता थापता हनुवटीनं एकेक दाखवू लागल्या. "तो कानाचा. तो दाताचा. तो बोटाचा. तो मोठा हाये ना, तो गुडघ्याचा."

आधी मला कळेना. मग कळलं. कुठल्या वर्षाचा, कोणाला पाडून मिळवलेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या कुस्तीत देवाचं काय मोडलं, त्यावरून त्यांनी गुंडांना नावं दिली होती. कानाच्या गुंडात प्यायचं पाणी, दाताच्या गुंडात सांडायचं.

"आणि तुम्ही कधी गेला नाहीत पाहायला?"

"माह्यानं नाही होत बाई. मी घरूनच पाह्यतो," त्या म्हणाल्या. तिकडच्या बायका कधी कधी असं पुरुषासारखं बोलतात. पण घरून काय पाहतात, ते मी विचारलं नाही.

मंडईचा दिवस, सकाळ

सकाळी विमलनं मला बिसनजींकडे नेलं. सडपातळ म्हातारे, डोक्याला टापर बांधलेली. गावची दंगल गेली चाळीस वर्षं यांच्या डफड्यावर चालते. आमच्या हलगीपेक्षा डफडं मोठं आणि त्याचा आवाज भरदार. आम्ही गेलो तेव्हा ते तणसाचा जाळ करून त्यावर डफडं शेकत होते. धानाच्या काडाला तिथे तणस म्हणतात. शेकलं की कातडं ताणतं आणि आवाज चढतो.

मी म्हटलं, "मला जरा समजावून सांगा ना, कुठल्या वेळी काय वाजवता ते."

म्हातारा खूश. त्यांनी मला सगळं वाजवून दाखवलं. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत फिरतात तेव्हा संथ ठेका. भिडले की दुडक्या, म्हणजे धावता ठेका. एक जण खाली गेला की काठावर टिपरी, कडकड. चीत झाला की सगळ्या डफड्यावर हाताची एकच थाप आणि मग नाचाचा ताल. "अना कोनाले लागलं, त हात वर. एकदम बंद. मंग कोनी हलाचं नाही, वैदू आत जाते. त्याले आमी म्हनतो, डफडं मुकं झालं."

"पुन्हा एकदा वाजवाल?"

"काहून नाही? पाहुनी एवढी पुन्याहून आली." त्यांनी डफडं पुन्हा जाळावर धरलं, या खेपेला जास्त वेळ, आणि पाहुणीसाठी आवाज आणखी चढवला. बोटानं टिचकी मारली तर ते टणकन बोललं. मी टाळ्या वाजवल्या. ही टाळी पुढे मला चांगलीच महागात पडायची होती.

परत येताना विमल म्हणाली, "ताई, एक सांगतो. मी आज तुमच्यासंग नाही येऊ शकत. म्हणजे ओट्यावर येतो, पण भाऊच्या कुस्तीच्या टायमाले मले घरी राहा लागते."

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी देवाचा खांदा उतरला, तेव्हा सगुणाबाई घरी एकट्या होत्या. डफडं मुकं झालं ते त्यांनी ऐकलं. कोणाला लागलं, किती लागलं, काही कळायला मार्ग नाही. देवाला खाटेवर घालून घरी आणीपर्यंत त्या अंगणातला खांब धरून उभ्या होत्या. लोकांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हापासून त्यांच्या छातीत धडधडतं. म्हणून विमल दर दिवाळीला पुण्याहून येते, ती भावाची कुस्ती पाहायला नाही, कुस्तीच्या वेळी आईशेजारी बसायला.

"म्हणजे तेव्हापासून तू भावाची कुस्ती पाहिलीच नाहीस?"

"कुठून पाहू?"

दिवसभर ते मनात टोचत राहिलं.

शाळेचा ओटा, दुपार

मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, पण इथे देवळातल्या देवापेक्षा पाहुणा मोठा. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे, आणि प्रत्येक पाहुण्याला चहा. मी चार घरचा चहा प्यायले आणि पाचव्या घरी हात जोडले, तर तिथल्या बाईंनी पोह्यांची ताटली पुढे केली. रस्त्यावर उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, मुरमुरे, जिलबी, बांगड्या. एका बाजूला दंडारीवाले कमरेला घुंगरं बांधून नाचत होते. शिंगाडा सोलताना माझी बोटं काळी झाली आणि त्याच हातानं मी चष्मा पुसला, त्यामुळे दंगलीचा पहिला भाग मला जरा ढगाळच दिसला.

बायकांची जागा शाळेच्या ओट्यावर. खाली मैदानात पुरुषांचा समुद्र आणि मध्ये चाळलेल्या मातीचा गोल. खरं सांगायचं तर टीव्हीवर दिसतं त्याच्या चौथा हिस्साही दिसेना. पुढे एक उंच बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या कोपरातून मला आखाड्याचा अर्धा तुकडा दिसे. पैलवान त्या तुकड्यात आले तर आले. पण जमिनीतून पाय हादरत होते. एखादा पैलवान आपटला की माती ओट्यापर्यंत उडायची आणि अख्ख्या मैदानाचा एकच हुंकार छातीत घुसायचा. इथे गुण नाहीत, घड्याळ नाही. पाठ मातीला लागली की संपलं, नाही लागली तर चालू द्या. एक जोड इतका वेळ अडून राहिला की शेजारच्या म्हातारीनं सुपारी कातरून खाऊन संपवली. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर केले. लोक दोघांसाठीही ओरडले.

मला वडील आठवले. त्या खांद्यांवरून उतरल्यावर बत्तीस वर्षांनी मी पुन्हा दंगलीत होते. डोळे भरून आले, आणि चष्मा आधीच काळा, म्हणजे दिसायचं राहिलंच.

एवढ्यात पुकारा झाला. आणखी दोन जोड, आणि मग अड्याळचा देवा आणि लाखांदूरचा मोतीराम. विमल पदर सावरून उठली.

मी तिचा हात धरला. "तू बस. मी जाते आईंकडे."

"ताई! तुम्ही याच्यासाठी त आल्या!"

"मी तुझ्या देवाला काल पहिल्यांदा पाहिलं. तो तुझा भाऊ आहे. बस म्हणते ना."

ती मटकन खाली बसली. मी काही मोठा त्याग वगैरे केला असं कोणी समजू नये. घराकडे चालताना मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. सव्वा दिवसाचा प्रवास, आणि कुस्ती आली तेव्हा आपण चाललो वडे खायला!

सगुणाबाईंचं अंगण

सगुणाबाई अंगणातल्या चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होत्या. रात्री जेवायला पाहुणे होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही, की वाटलं तरी दाखवलं नाही. पाट सरकवला आणि म्हणाल्या, "बसा. आता सुरू होईन."

डफडं वाजू लागलं. संथ ठेका.

"फिरून राहिले," सगुणाबाई कढईकडे पाहत म्हणाल्या.

मी कान टवकारले. सकाळी शिकले होते, त्यामुळे मलाही कळत होतं. दुडक्या सुरू झाल्या.

"भिडले."

काठावर टिपरी कडकडली. माझा जीव वर. "कोण खाली गेलं?"

"देवा. त्याले खाली जाची आदत हाये. खालूनच काहाडते तो डाव." त्यांनी वडा उलटला. "पाहा, आता दम खाऊन राहिला. आता लाखांदूरवाल्यानं मान धरली."

डफड्यातून मान धरलेली कशी कळते, ते मला विचारू नका. गर्दीच्या आवाजाची चढउतार, एखाद्याचा 'हां!' आणि बाकी त्यांच्या मनातलं. मी डोळे मिटले आणि, खरंच सांगते, मला दिसू लागलं. ओट्यावरून दिसलं नव्हतं इतकं. आणि तेव्हा समजलं की टीव्हीकडे पाठ करून बसणारी विमल काय करत होती. तिच्या घरात कुस्ती पाहायची पद्धतच ही होती.

फरक एवढाच, की मी ऐकत होते आणि मजा वाटत होती. सगुणाबाईंच्या कपाळावर घाम होता. प्रत्येक कडकडाटाला त्या पुटपुटत होत्या, "पडला... उठला. पडला माय... उठला." माझ्या दहीभाताच्या ताटाची मला लाज वाटली.

दुडक्या वाढत गेल्या. ठेका इतका चढला की कौलं वाजतील असं वाटलं. आणि मध्येच, थाप नाही, नाचाचा ताल नाही, काही नाही. डफडं बंद झालं.

"मुकं झालं," सगुणाबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. माझं काम तेवढंच होतं. पण त्यांनी या खेपेला खांब धरला नाही. त्या उठल्या आणि चालू लागल्या. मग धावू लागल्या. साठीची बाई, अनवाणी, पदर खोचलेला तसाच. मी कढई उतरवली, चांगला चटका बसला, आणि त्यांच्यामागे पळत सुटले. हातात झारा होता हे मला मैदानात पोचेपर्यंत कळलं नाही.

आखाडा

पुरुषांची ती गर्दी सगुणाबाईंना पाहून आपोआप फाटली. गावातलं कोणीही त्यांना तिथे कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठोपाठ आत शिरले, आणि एकाएकी माझ्यापुढे माती होती. इतकी जवळ, की टीव्हीवरही नसते.

कोणालाही लागलं नव्हतं. देवा आणि मोतीराम अजून लढत होते. बिसनजी एका बाजूला फाटलेलं डफडं हातात घेऊन उभे होते. कातडं मधोमध उललं होतं. फुटलेलं डफडं आणि मुकं झालेलं डफडं, घरी बसलेल्या माणसाला दोन्ही सारखीच ऐकू येतात.

देवानं खालून डाव काढला होता. मोतीरामची मान त्याच्या काखेत, एक पाय हातात, आणि त्याची पाठ मातीपासून वीतभर उरलेली. एवढी एक गिरकी राहिली होती. मैदान श्वास धरून गप्प होतं. त्या शांततेत सगुणाबाईंचा आवाज आला.

"देवा!"

त्यानं मान वर केली. आई दिसली, आणि त्याची पकड ढिली पडली. मोतीराम तसा पैलवानच, त्यानं अंग फिरवलं आणि पुढच्या क्षणी देवा उताणा होता. दोन्ही खांदे मातीत.

मग जो गलका झाला तो काय सांगावा! "बाईनं आवाज देला, कुस्ती बाद!" "पुन्हा लावा, पुन्हा!" पंच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मोतीराम बाजूला उभा राहून रडवेला झाला होता. त्याला हे असलं जिंकणं नको होतं.

देवा पडल्या पडल्याच म्हणाला, "बाद कायची? चीत झालो ना मी." आणि तो हसत होता. इतका लाजाळू माणूस, दोन हजार लोकांपुढे मातीत पडून खुशाल हसत होता. "माय, तू आली?"

सगुणाबाई त्याच्याजवळ बसल्या. खांदा चाचपला, मग कान, मग हनुवटी धरून दात पाहिले. सगळे गुंड एकेक करून तपासले म्हणा ना. मग अंगावरची माती झटकत म्हणाल्या, "घरी बसून त मी तुले हजार खेपा पडताना पाह्यलं रे. इथं त तू एकच खेप पडला."

माझ्या शेजारी उभा असलेला दांडग्या मिशांचा माणूस नाक शिंकरायला वळला. मी झाऱ्यानंच डोळे पुसणार होते, वेळेवर लक्षात आलं. विमल ओट्यावरून उडी टाकून कधी आली ते कळलंच नाही. ती आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि हसत होती. "माय, मी पूरी पाह्यली! पूरी कुस्ती पाह्यली!" भाऊ हरला याचं दुःख तिला नंतर आठवलं असावं.

बिसनजी माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ताई, दोनदा शेकलं ना. कातडं जास्त तापलं होतं." त्यांनी मला दोष दिला नाही. पण पाहुणीच्या हौसेपायी देवाचा शेवटचा गुंड गेला, ही गोष्ट मला पुण्यात अजूनही भाजी चिरता चिरता आठवते. देवाला मी नंतर हे सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "गुंड लय झाले ताई. माय एकदाबी आली नव्हती." मग जरा थांबून, "सांबार?"

देवानं स्वतः मोतीरामचा हात वर केला, तेव्हा पंचांनी गुंड दिला. पोरगं तो कवटाळून आलं आणि सगुणाबाईंच्या पाया पडलं. जेमतेम वीस-बावीसचं असेल. सगुणाबाईंनी त्याची मान वळवून पाहिली. कानाजवळ कातडं सोललं होतं, रक्त येत होतं. त्यांनी पदर ओला करून ते पुसलं.

"तुही माय आली का रे?"

"नाही जी. लाखांदूरले हाये. घरी."

"अना तिथून तिले इथचं डफडं आयकू येते का?"

"इतक्या दूर कुठून येईन?"

सगुणाबाईंनी फाट्याकडे पाहिलं. सूर्य शाळेमागे चालला होता. फाट्यावर पवनीकडे जाणारी शेवटची एसटी उभी होती, तिथून त्याला लाखांदूरची गाडी मिळणार होती. लोक त्याला जेवायला थांब म्हणत होते, मंडईचा पाहुणा, जिंकलेला, असा कसा जाईल? रात्री मुक्काम कर, सकाळी जा.

मला एकदम माझी विद्या आठवली. मी म्हटलं, "सगुणाबाई, लाखांदूरला पोस्टात फोन असेल. तुमच्या इथल्या पोस्टातून मी ट्रंक कॉल लावून देते. त्याच्या आईला निरोप जाईल की बरा आहे म्हणून. माझं कामच आहे ते."

त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. अजून तो माझ्याच हातात होता.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "आयकून होत नाही. पाहाच लागते." आणि मोतीरामच्या पाठीवर हात ठेवून त्याला फाट्याकडे ढकललं. "जा बाप्पा. गाडी निघून राहिली."